पौंड वाढवायचे, पण बोल्ट हलेना

आगाशीत लोखंड फार दिवस सुखाने नांदत नाही. अर्नाळ्याचा समुद्र जवळ, वारा खारा. तो खिडकीच्या गजाला लागतो, तसाच वाडीतल्या पंपाच्या नटाला आणि सायकलच्या साखळीलाही. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणारे हे गाव, पण पावसाळ्याचे चार महिने इथे काहीच वाळत नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास भाची तिचे कंपाउंड धनुष्य घेऊन घरी आली. जूनपासून ते पेटीत बंद होते.

"मामा, दोन पौंड वाढवायचेत. बोल्ट हलतच नाहीये. जोर लावू का?"

माझी उमेदीची वर्षे वसईच्या गाळ्यांमध्ये नट-बोल्ट आवळण्या-सोडवण्यात गेली. 'जोर लावू का' हा प्रश्न हाताखालच्या पोरांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की 'थांब' हे उत्तर आपोआप तोंडातून निघते. धनुष्याचा बोल्ट मात्र मी तेव्हा पहिल्यांदाच हातात घेत होतो. त्यानंतर जे वाचले, प्रशिक्षकांना विचारले आणि करून पाहिले, ते इथे एकत्र मांडतो आहे. विषय छोटा वाटतो, पण महाराष्ट्रात आज इतकी मुले तिरंदाजी खेळू लागली आहेत की घराघरांत हा प्रश्न येणारच.

पालघर जिल्ह्याला तिरकामठा नवा नाही. जव्हार-डहाणूकडच्या पाड्यांवर बांबूचा कामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचा जोर, म्हणजे भाचीच्या भाषेत पौंड, ठरतो तो तासताना. कडक वाटला तर आणखी तासायचा, पण एकदा तासलेला बांबू परत चिकटवता येत नाही. जास्त तासला तर कामठा लेचापेचा झाला, मग दुसरा बांबू शोधा. कंपाउंड धनुष्याने हा सगळा कारभार दोन बोल्टांवर आणून ठेवला. हे धनुष्य अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन याने काढले. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते मिळाले. गंमत म्हणजे ज्या ॲलन कीने हे बोल्ट फिरवतात, तिचा या ॲलनशी काही संबंध नाही. ते नाव हार्टफर्डच्या ॲलन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीवरून आले आहे. मला बरेच दिवस वाटत होते की एकाच माणसाने धनुष्यही केले आणि त्याची चावीही.

रचना अशी. मधला धरायचा भाग म्हणजे रायझर, बहुतेक ॲल्युमिनियमचा. त्याच्या वर-खाली फायबरग्लासची चिवट पाती. त्यांना सगळेजण इंग्रजीतले लिंब हेच नाव देतात. आपल्याला लिंब म्हटले की अंगणातला कडुलिंब आठवतो, म्हणून मी पातीच म्हणणार. पात्याच्या टोकाला कॅम, म्हणजे लंबगोल चाक, आणि त्यांवरून दोरी आणि केबली. पात्याचे बूड रायझरच्या खोबणीत बसते आणि त्यातून एक जाड बोल्ट रायझरच्या आट्यांत जातो. हाच लिंब-बोल्ट. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत गेला की पात्याचे बूड रायझरकडे दाबले जाते. दोरी-केबलींची लांबी तीच असल्यामुळे पाते दोरीला हात लागण्याआधीच जास्त वाकलेले राहते. आधीच वाकलेले पाते आणखी वाकवायला जड जाते, म्हणून पौंड वाढतात. बोल्ट उलटा फिरवला की पाते सैलावते आणि पौंड उतरतात.

यात एक गोष्ट नवख्या पालकांच्या लक्षात येत नाही. बोल्टाने ठरतो तो ओढीतला सर्वांत जड क्षण. कंपाउंडमध्ये तो टप्पा ओलांडला की कॅम उलटतो आणि ताण ओसरतो. याला लेट-ऑफ म्हणतात. ६० पौंडांच्या धनुष्याचा लेट-ऑफ ७५ टक्के असेल तर नेम धरताना बोटांवर, खरे तर दोरी धरणाऱ्या रिलीज नावाच्या हुकावर, १५ पौंडच राहतात. पण ते १५ मिळवण्यासाठी आधी ६० म्हणजे जवळजवळ २७ किलो पार करावे लागतात. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत कंपाउंडची कमाल मर्यादाही ६० पौंडच आहे आणि सामान-तपासणीत काट्यावर ती पाहिली जाते. त्यामुळे समजदार खेळाडू काठावर जात नाही. आपल्या आणि तपासणीच्या काट्यात अर्ध्या-एका पौंडाचा फरक पडला तर ऐन वेळी बोल्टाशी झटापट करायला कोण बसणार?

एका फेऱ्याला किती पौंड? हा प्रश्न सगळे विचारतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. साधारणपणे दीड ते तीन, बहुतेक धनुष्यांत दोनच्या आसपास. पण आट्यांची दाटी, पात्याचा कडकपणा आणि बोल्ट किती आत आहे यावर ते बदलते. म्हणून फेऱ्यांवर विसंबू नये, काट्यावर मोजावे. त्यासाठी धनुष्याचा खास काटा मिळतो. अर्नाळ्यात मासळी तोलायला हुकाचा डिजिटल काटा वापरतात, त्यावरही काम भागते. फक्त कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय त्यात हवी, आणि दोरी सोडताना हळूहळू परत न्यायला हवी. काटा हातातून निसटला तर बाणाशिवाय दोरी सुटते, आणि बाणाशिवाय सुटलेली दोरी कंपाउंडची पाती फोडू शकते.

बहुतेक धनुष्यांना खाली-वर होण्याची मुभा दहा पौंडांची असते. ५० ते ६०, ६० ते ७० अशी. पात्यावर छापलेला आकडा म्हणजे बोल्ट पूर्ण आत असतानाचा कमाल आकडा. नवशिक्यांसाठी काढलेल्या काही धनुष्यांत मात्र ही मुभा अफाट आहे. डायमंड कंपनीचे इन्फिनिट एज हे ५ पौंडांपासून ७० पर्यंत जाते. एकच धनुष्य मुलाबरोबर वाढावे हा हिशेब त्यामागे आहे आणि आपल्यासारख्या खिशाला तो पटतोही. पण अशा धनुष्याचा बोल्ट खूप बाहेर येतो आणि नेमकी तीच गोष्ट दहा पौंडांची मुभा असलेल्या धनुष्यावर कोणी करून पाहिली तर घात होतो.

कारण बोल्ट बाहेर काढण्याला हद्द असते. किती फेरे सैल करता येतात हे प्रत्येक धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापलीकडे गेले की बोल्टाचे दोन-चारच आटे रायझरमध्ये उरतात आणि त्यांच्यावर सगळ्या पात्याचा ताण येतो. दोरी नुसती लटकत असली तरी पाती ताणलेलीच असतात, हे विसरू नये. आटे उपटले गेले तर पाते, कॅम, केबल सगळे एकदम सुटते आणि ते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. जुने, विकत घेतलेले धनुष्य असेल आणि पुस्तिका नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव टाकून आकडा शोधावा. अंदाज करू नये. आकडा सापडला नाही तर त्या बोल्टाला हात लावू नये, इतके माझे मत ठाम आहे.

वरचा आणि खालचा बोल्ट सारखेच फिरवायचे, हा दुसरा नियम. एक जास्त आत, एक कमी आत असेल तर धनुष्य एका बाजूला झुकल्यासारखे वागते. दोरीपासून वरच्या आणि खालच्या पात्याच्या बुडापर्यंत मोजपट्टी लावली की फरक कळतो. त्याला टिलर म्हणतात. मोजण्याची खात्रीची पद्धत अशी की दोन्ही बोल्ट आधी तळापर्यंत आत न्यायचे, तिथे थांबायचे, तळाला टेकल्यावर दाबून आवळायचे नाही, आणि तिथून दोन्ही सारखे मोजून बाहेर काढायचे. एकदम पाच फेरे वर आणि मग पाच खाली असेही नाही. वर अर्धा, खाली अर्धा, परत वर अर्धा.

एका पौंडाने असे काय बिघडते, असे वाटेल. मी कागदावर ढोबळ हिशेब केला. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर होते. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त ४ सेंटिमीटर. बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो असे धरले तर ५० मीटर जायला त्याला सहा दशांश सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात तो दीड मीटरहून जास्त खाली पडतो. हे खाली पडणे साईटने, म्हणजे नेम धरायच्या साधनाने, भरून काढलेले असते. एक पौंड कमी झाला की वेग साधारण दोन फुटांनी उतरतो आणि बाण अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली लागतो. दोन पौंड उतरले की दहाच्या मध्यावर धरलेला बाण नवात. यात हात थरथरण्याचा, वाऱ्याचा हिशेब धरलेलाच नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन मुलांनी काय केले, हे या आकड्यांजवळ ठेवून पाहावे. साताऱ्याच्या अदिती स्वामीने अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असे हरवले, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने पोलंडच्या खेळाडूला १५०-१४९ असे. १५० म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहात. दोघेही साताऱ्याच्या दृष्टी अकादमीत प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके घेतली. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. तिच्या खेळासाठी त्यांना कर्ज काढावे लागल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. त्या बातम्या वाचून आपल्याकडच्या पालकांनी मुलांना कंपाउंड घेऊन दिली. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला जागा मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हापासून चौकशा आणखी वाढल्या असतील. धनुष्य लाखाच्या घरात जाते. त्याच्या सोबत लागणारा काटा आणि योग्य मापाच्या चाव्या यांना मात्र फार कमी लोक पैसे काढून ठेवतात.

आता अडलेल्या बोल्टाकडे. भाचीचे धनुष्य मी टेबलावर जुन्या चादरीवर ठेवले. बोल्टाच्या डोक्याभोवती थोडी पांढरी भुकटी दिसली. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचा रायझर आणि मध्ये खारट ओल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंमध्ये छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची ही भुकटी आट्यांत भरते. अर्नाळ्याच्या होड्यांच्या इंजिनांवर हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, तेव्हा रोग ओळखला असे मला वाटले. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब डोक्याच्या कडेला सोडले, कॅमवर आणि दोरीवर उडू नये म्हणून कापड गुंडाळले आणि रात्रभर ठेवून दिले. सकाळी पाहतो तर बोल्ट तसाच.

मग चष्मा लावून नीट पाहिले. खोबणीच्या बाजूला, रायझरच्या पाठीकडे, मुंगीएवढ्या डोक्याचा एक आडवा स्क्रू. तो घट्ट. लिंब-बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून बऱ्याच धनुष्यांत असा लॉक-स्क्रू असतो आणि तो आधी सैल केल्याशिवाय मोठा बोल्ट फिरवणे म्हणजे आतून कडी लावलेल्या दाराला धक्के मारणे. तो अर्धा फेरा सैल केला आणि मोठा बोल्ट कुरकुरत का होईना, पण हलला. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने आधी गंज पाहिला, कडी पाहिली नाही. भाची हसली नाही, हे तिचे उपकार.

तेव्हा बोल्ट कडक वाटला तर सर्वांत आधी लॉक-स्क्रू. अडलेल्या बोल्टाच्या अनेक तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरे कारण चावीचे, आणि आपल्याकडे ते जास्त आहे. कंपाउंड धनुष्ये बहुतेक अमेरिकी, त्यांचे बोल्ट इंचात. वसई-विरारच्या हार्डवेअरच्या दुकानात चाव्यांचा संच मागितला की मिलिमीटरचा मिळतो. पाव इंचाच्या भोकात, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या, ६ ची चावी बसते आणि बसल्यासारखी वाटते. पण ती सैल असते. हलक्या बोल्टाला चालून जाते, जड बोल्टाला जोर लावला की चावीचे कोपरे भोकाचे कोपरे खातात आणि षटकोनाचा गोल होतो. मग तो बोल्ट कोणाच्याच बापाला फिरत नाही. गोल टोकाच्या चाव्यांचेही तसेच. त्या तिरक्या कोनातून हलके काम करायला आहेत, ताण उचलायला नाहीत. इंचाचा चांगला संच मागवावा, लांब दांड्याचा, आणि चावी भोकात पूर्ण तळापर्यंत बसवूनच फिरवावी.

तिसरे कारण नैसर्गिक आहे आणि त्यात बिघाड काहीच नसतो. पाते ताणलेले असते, त्यामुळे बोल्ट आत नेताना तो जड जाणारच. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत सर्वांत जड. यासाठी बो-प्रेस नावाचे यंत्र असते. त्यात धनुष्याची पाती दाबून ताण उतरवतात आणि मग बोल्ट बोटांनी फिरावा इतका हलका होतो. बोल्ट पूर्ण काढून साफ करायचा असेल तर प्रेसशिवाय पर्याय नाही; घरगुती युक्त्या, दोऱ्या, शिकंजे यांनी पाती दाबायला जाणे म्हणजे स्वतःच्या हाताने फास लावणे. प्रेस गावोगावी नसतो. मोठ्या अकादमीत किंवा विक्रेत्याकडे असतो, तेव्हा तिथवर जाण्याची तयारी ठेवावी. आगाशीहून लोकलने अर्धा दिवस मोडला तरी चालेल.

खाऱ्या हवेचे कारण मात्र खास आपले. किनारपट्टीच्या खेळाडूने पावसाळाभर धनुष्य पेटीत बंद करून ठेवू नये. पेटीत ओल कोंडते. आठवड्यातून एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसावे, पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या. किनाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत सराव केल्यावर तर त्याच दिवशी पुसावे, कारण वाळूचे कण आट्यांत गेले की बोल्ट कुरकुरत अडतो. वर्षातून एकदा, प्रेसवर बोल्ट काढलाच असेल, तर आटे ब्रशने साफ करून पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस अगदी पातळ लावावे. बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना चिकटवणारे द्रव लावू नये. तो खेळ पुढच्या वेळी जड पडतो.

अर्नाळ्याच्या एका नाखव्याला मी अडलेल्या बोल्टाचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "गरम कर, निघेल." होडीच्या इंजिनावर हे अगदी बरोबर. नट तापवला की फुगतो, गंज तुटतो, निघतो. धनुष्यावर मात्र हा उपाय कधीही करू नये. पाती फायबरग्लास आणि राळ यांची असतात, उष्णतेने ती राळ कमकुवत होते, आणि वरून काहीच दिसत नाही. पुढच्या महिन्यात ओढताना पाते उभे चिरते. हातोड्याने ठोकणे, पाइप घालून चावीची लांबी वाढवणे, हेही होडीवरचे उपाय. धनुष्याने मला फिटर म्हणून शिकलेल्या निम्म्या गोष्टी विसरायला लावल्या.

पौंड बदलल्यावर धनुष्य तेच राहत नाही, हे लोक विसरतात. बाण ओढीच्या जोराप्रमाणे कमी-जास्त वाकतो. जोर बदलला की त्याच कडकपणाचा बाण पूर्वीसारखा उडेलच असे नाही. साईटच्या खुणा हलतात. दोन्ही कॅम एकाच वेळी उलटतात का हे पुन्हा पाहावे लागते. म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बोल्टाला हात लावू नये, निदान दोन-तीन आठवडे आधी लावावा.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे. वाढवायचे कशाला? मैदानावर मुले एकमेकांना "तुझे किती पौंड?" असे विचारतात, जसे आम्ही शाळेत कोणाचा पतंग किती उंच गेला हे विचारायचो. शिवधनुष्य पेलण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेव्हा जड धनुष्य म्हणजे मोठा खेळाडू ही समजूत आपल्या रक्तातच आहे. प्रशिक्षक सांगतात ती परीक्षा मला आवडली. खुर्चीवर बसायचे, दोन्ही पाय जमिनीपासून उचलायचे, धनुष्य समोर सरळ धरून ओढायचे. ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावे लागले किंवा कंबर मागे झुकली तर ते पौंड तुझे नाहीत. मग अर्धा मिनिट नेम धरून ठेवायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या वाढत्या खांद्याला जास्त ताण दिला तर खांदा आधी दुखतो, मग तंत्र बिघडते, आणि तंत्र बिघडले की ते सुधारायला वर्ष जाते.

भाचीच्या धनुष्यावर दोन्ही बोल्ट तळाला नेऊन मोजले तेव्हा कळले की वरचा खालच्यापेक्षा पाऊण फेरा जास्त बाहेर होता. केव्हापासून ते तिलाही माहीत नव्हते. मागच्या हंगामात बाण सतत वर-खाली जात होते आणि ती स्वतःलाच दोष देत होती. दोन्ही तळापासून तीन फेरे बाहेर सारखे केले, लॉक-स्क्रू आवळले, मासळीच्या काट्यावर धनुष्य लटकवून ओढले. आकडा ४७ आला. तिला ५० हवे होते.

"खुर्चीवर बस," मी म्हटले.

तिने पाय उचलले, ओढले, धरले. बाविसाव्या सेकंदाला धनुष्याचे टोक हळूच आभाळाकडे जाऊ लागले. तिने दोरी सावकाश परत आणली, वही काढली आणि लिहिले: वर ३, खाली ३, ४७, पुन्हा दिवाळीनंतर.